धारेवरचं कुंकू

बळवंत मेस्त्रीने सर्वेशच्या तोंडावर पहिला ठोसा मारला तेव्हा मंगळवारचे सकाळचे अकरा वाजले होते. दुसरा बसला तेव्हा जबडा मोडल्याचा आवाज माझ्या लेथपर्यंत आला. मी लेथ बंद केला. तिसऱ्याच्या आत आम्ही तिघांनी बळवंतला मागून धरलं, तरी त्याने लाथ घातलीच. सर्वेश टेबलाच्या पायाशी पडला होता. तोंडातून रक्त आलं, रक्ताबरोबर दोन दात आले. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “मी पुसलं होतं, काका.”

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. माणसं चौदा. स्टेनलेस स्टीलची व्हॅक्यूमची कामं करतो, म्हणजे ज्यातून हवा शेवटच्या कणापर्यंत उपसून काढायची अशी भांडी. बळवंत वेल्डर, मी फिटर. तेहतीस वर्षं शेजारी उभे राहिलो. एवढ्या वर्षांत त्याने कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नव्हती. गेल्या मार्चात मी काम सोडलं. त्याच्या आधीच्या दसऱ्याची ही गोष्ट आहे. बळवंत त्या ठोशापर्यंत कसा पोचला ते क्रमाने सांगतो.

तो देवगडकडचा. बाप परळला गिरणीत होता. संपात गिरणी बंद पडली तेव्हा बळवंत पंधरा वर्षांचा. मरोळला एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाडू मारायला लागला आणि बघून बघून काम शिकला. त्याला कुणी शिकवलं नाही. दीड मिलिमीटरचा पत्रा आतल्या बाजूने, आर्गन वायूवर, एकाच फेरीत जोडायचा हे काम आमच्या वसाहतीत फार तर चौघांना येतं. बळवंत आधी आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, न लावता तीन वेळा नुसता हात फिरवायचा. कोपर कुठे टेकतो, मनगट कुठे अडतं ते बघायचा. मग पाव फेरी, बेचाळीस सेकंद, श्वास न सोडता. थांबायचं, सांधा थंड होऊ द्यायचा, पुढची पाव फेरी. इतरांच्या शंभर कामांत चार गळायची. त्याचं एकोणीस वर्षांत एकही गळलं नव्हतं. मी मोजणारा माणूस आहे, म्हणून सांगतो.

बायको पार्वती, आणि मुलगा एकच, कृणाल. कृणाल आमच्याच कारखान्यात तीन वर्षं होता, सर्वेशच्या बरोबर. दोघे एका वयाचे, एका डब्यात जेवणारे. मग तो तेलाच्या जहाजावर इंजिन विभागात लागला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तो आखातात गेला.

पुढचं सुयोगने सांगितलं. तो त्याच जहाजावर होता. मे महिन्यात बळवंतच्या खोलीत येऊन बसला. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. मी आणि सर्वेशही होतो. पार्वतीने त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि त्याला कप धरता येत नाही हे लक्षात आल्यावर तिने स्वतः त्याच्या ओठांना लावला.

“दुपारचे दोन वाजले होते,” सुयोग म्हणाला. “वर स्क्रीनवर आमचं जहाज विमानतळाच्या धावपट्टीवर दिसत होतं. खोटं नाही सांगत, काका. समुद्रात उभे आणि स्क्रीन म्हणतो तुम्ही जमिनीवर. तिथे लढाई चाललीय, उपग्रहाचा खोटा सिग्नल दोन्ही बाजूचे सोडतात. कॅप्टन होकायंत्रावर चालवत होता. हवेत धूळ, काही दिसत नव्हतं. आम्ही कुणाच्या तरी हद्दीत गेलो. कुणाच्या, ते अजून कुणी सांगत नाही.”

“मग?” बळवंतने विचारलं.

“मग दोन ड्रोन आले. पहिला इंजिनच्या बाजूला बसला. कृणाल खाली तेल गाळायच्या मशीनवर होता.”

“लगेच गेला?”

सुयोगने पार्वतीकडे बघितलं.

“सांग रे,” ती म्हणाली. “माका उद्या कोणीतरी सांगतलाच.”

“लगेच नाही. खालून ओरडत होता. माझं नाव घेऊन ओरडत होता. मी शिडीवरून उतरायला गेलो. शिडी लाल झाली होती. मी धरली. माझ्या तळव्यांची कातडी तिथेच राहिली, काकी. दुसरा ड्रोन बसला आणि मग आवाज थांबला.”

शवपेटी आली ती जस्ताच्या पत्र्याची, डाख लावून बंद केलेली. उघडू नका, असं लिहून दिलं होतं. बळवंतने पेटीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. तो तिथे रडला नाही. घरी येताना रिक्षात मला म्हणाला, “डाख कसा लावला होता बघितलास? दोन जागी नुसता चिकटवलाय. माझ्या पोराला असला सांधा.” हे त्याने त्या महिन्यात मला दहा वेळा तरी सांगितलं असेल.

ऑगस्टमध्ये नवीन काम आलं. एका खासगी कंपनीचं, संरक्षणाच्या चाचण्यांसाठी. काम घेऊन श्रुतिका मॅडम आल्या. वय बत्तीस, मुलुंडच्या, भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. स्टीलचं एक चेंबर, स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्याएवढं, वर अरुंद गळा, अंगाला काचेच्या पाच खिडक्या. गळ्यावर जाड कडं, म्हणजे फ्लँज, आणि त्या फ्लँजवर गोल फिरलेली एक तीक्ष्ण धार. झाकण बसवताना मध्ये तांब्याची चकती घालायची आणि सोळा बोल्ट आवळायचे. धार तांब्यात रुतते आणि हवा अडते. धारेवर केसाएवढा ओरखडा आला तरी चेंबर गळतं.

“ह्याच्यात ठेवणार काय?” बळवंतने विचारलं.

“जवळजवळ काहीच नाही, काका. थोडे अणू. लेसरने त्यांना इतकं थंड करायचं की ते जागच्या जागी थांबल्यासारखे होतात. मग सोडून द्यायचे. जहाज वळलं, डोललं, की त्यांच्या पडण्यात फरक पडतो. तो मोजला की आपण कुठे आहोत ते कळतं. क्वांटम सेन्सर म्हणतात.”

“उपग्रह?”

“लागतच नाही. ते बाहेरचं काही ऐकतच नाही.”

“म्हणजे कुणी खोटं सांगितलं तर?”

“सांगू दे की.”

बळवंतने नकाशा स्वतःकडे ओढला. “हे बोटीवर बसणार?”

“जहाजावर, पाणबुडीवर. आणि ज्याला उपग्रहाशिवाय नेमकं जाऊन पोचायचं असतं त्या सगळ्यावर.”

“क्षेपणास्त्रावर.”

“हे चेंबर त्याच चाचणीचं आहे. तुम्हाला खोटं कशाला सांगू?”

“समोरच्यांकडे आहे का असं?”

“बनवतायत.”

“दोघांकडे झालं की काय होणार?”

“आज सिग्नल बिघडवून निदान नेम चुकवता येतो. मग तोही चुकणार नाही. ज्याला वाटेल की समोरचा आधी मारेल, तो आधी मारेल.”

“मग बनवता कशाला?”

“ते बनवतायत म्हणून,” श्रुतिका मॅडम म्हणाल्या. “हसू नका, काका. बैठकीत सगळे हेच उत्तर देतात. फक्त इंग्रजीत.”

बळवंतने काम घेतलं. नकार देता आला असता, शेठनेही त्याच्यावर सोडलं होतं. मला म्हणाला, “कुठे बसवायचं ते ते बघतील. पण असलं एक कृणालच्या बोटीवर असतं तर?” घरी पार्वतीने विचारलं, “ह्येतून कोणाक मारतले?” तो म्हणाला, “कोणाक नाय गे. बोटीक वाट दाखवतला.” हे खोटं त्याने मला स्वतःहून सांगितलं, पण तेव्हा नाही, फार नंतर.

सात आठवडे तो त्या चेंबरवर राबला. एकतीस सांधे. कोपऱ्यात प्लास्टिकचे पडदे लावून जागा वेगळी केली. आत जाताना हातमोजे, डोक्याला टोपी. अंगठी काढून ठेवायची, कपाळावर गंध चालणार नाही. बोटाचा ठसा आत राहिला तर त्याचं तेल महिनाभर सुटत राहतं. सर्वेश त्याचा मदतनीस. सफाई आणि जुळणी त्याच्याकडे. एकदा सर्वेश आत शिंकला तर बळवंतने त्याच्याकडून अख्खं टेबल पुन्हा पुसून घेतलं.

“काका, मी मास्क लावला होता ना.”

“तुझी शिंक मास्कात मावते होय?”

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बायका, घरची माणसं येतात. लेथ, ड्रिल, ग्राइंडर धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्या दिवशी झाडूलाही कुंकू लागलं.

“झाडू काय वेल्डिंग करतो?” कुणीतरी म्हणालं.

“तुझ्यापेक्षा सरळ करतो,” बळवंत म्हणाला. कृणाल गेल्यापासून तो पहिल्यांदा थट्टेने बोलला, म्हणून सगळे जरा जास्तच हसले.

पडद्यामागच्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. पडद्याबाहेर जमिनीवर त्याने एक फूल ठेवलं, बस. पण हे बजावलं तेव्हा पार्वती आली नव्हती.

ती अकराला आली. तिने फिरून सगळं बघितलं. लेथला कुंकू, झाडूला कुंकू, आणि ज्या भांड्यासाठी नवरा सात आठवडे वाळला, जे बोटीला वाट दाखवणार, ते तेवढं कोरडं. सगळे दारात नारळ फोडायला जमले होते तेव्हा ती पडद्याच्या आत गेली. चेंबर टेबलावर गळा वर करून ठेवलेलं. तोंडावर अल्युमिनियमची फॉइल. तिच्या डोळ्याला तो कलशच दिसला. कलशाला आमच्याकडे ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं ओढतात. तिने फॉइल काढली, बोटं बुडवली आणि गळ्याभोवती पाच जागी खालून वर ओढली, काठावरून थोडी आतपर्यंत. फॉइल होती तशी झाकली.

सर्वेश तिला प्रसादाला बोलवायला आला होता. पडद्याच्या फटीतून त्याने शेवटचं बोट बघितलं.

तिथेच त्याने बळवंतला सांगायला हवं होतं. धुवायला अर्धा दिवस गेला असता आणि विषय मिटला असता. पण जूनमध्ये बळवंत पार्वतीवर एकदा ओरडला होता, कृणालचे कपडे तिने कुणाला तरी दिले म्हणून, आणि ती तीन दिवस जेवली नव्हती. सर्वेशला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, “काकी, चला, प्रसाद संपेल.” दसऱ्याची सुट्टी झाल्यावर शुक्रवारी त्याने ॲसिटोनने चार वेळा धार पुसली. पूजेचं कुंकू पुसतोय म्हणून आधी हात जोडले. डोळ्याला स्वच्छ दिसलं. चकती घातली, सोळा बोल्ट आवळले आणि गप्प बसला. कुंकवात बारीक कण असतात. धारेच्या मुळाशी जिथे कपडा पोचत नाही तिथे ते राहिले, तांब्याखाली दबले, आणि त्यांनी धार चावली.

चेंबर तीन दिवस भट्टीत भाजलं. मंगळवारी पंप लावला. आतल्या हवेच्या दाबाचा काटा खाली उतरेना. बळवंतने बाहेरून हेलियमचा फवारा मारत एकतीसच्या एकतीस सांधे तपासले. एकही गळत नव्हता. फवारा गळ्यावर आला आणि गळती शोधणारं मशीन किंचाळलं. त्याने बोल्ट सोडले. तांब्याच्या चकतीवर पाच जागी काळपट लाल डाग होते, आणि धारेवर पाच जागी दात पडलेले. भट्टीत पुसलेल्या बोटांच्या खुणाही गळ्यावर काळपट उमटल्या होत्या.

“कुणी बंद केलं?” त्याने विचारलं. त्याला माहीत होतं कुणी बंद केलं.

मग जे झालं ते मी सुरुवातीला सांगितलं.

चेंबर बिघडल्याची खबर लागताच दुपारी त्या कंपनीची सुरक्षेची माणसं आली. चौघे. त्यांचा मुख्य शेलार. त्यांनी सर्वेशचा जबडा फडक्याने बांधायला दिला आणि त्याला गेटजवळच्या केबिनमध्ये घेऊन गेले. फोन घेतला. फोनमध्ये सुयोगचे मेसेज होते. हात बरे झाल्यावर तो पुन्हा जहाजावर गेला होता आणि स्क्रीनवर जहाज भलतीकडेच दिसतंय असे फोटो सर्वेशला पाठवायचा. परदेशी नंबर, जहाजांचे ठिकाण, आणि इकडे संरक्षणाच्या कामात बिघाड. शेलारला आणखी काही नको होतं.

केबिनचा पत्रा पातळ आहे. दुपारी तीन ते पाच आम्ही सगळं ऐकत होतो. तळपायावर काठीचे वार. मध्ये मध्ये प्रश्न. “कुंकू कुणी लावलं?” मोडक्या जबड्याने उत्तर यायचं, “पूजा होती.” “लावलं कुणी?” “पूजा होती.” मग पुन्हा काठी. एकदा खुर्ची पडल्याचा आवाज झाला आणि बराच वेळ काहीच आलं नाही. शेठ आत गेला तर त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला बाहेर ढकललं. शेठ मला म्हणाला, “पोलिसांना बोलावलं तर हे घातपात म्हणून लिहून देतील. मग पोरगा दहा वर्षं बाहेर येत नाही.”

बळवंत त्याच्या टेबलाशी बसला होता. उजव्या हाताची बोटं सुजली होती. काठीचा आवाज आला की तो मान हलवायचा, बरोबर चाललंय अशी. हेही लिहितो, कारण ते झालं.

संध्याकाळी तो घरी गेला. पार्वतीने हाताला हळद लावता लावता विचारलं, “त्या भांड्याचा काय झाला? लागला बोटीक?”

“मोडला. सर्वेशान कुंकू घातल्यान त्येच्यात.”

तिचा हात थांबला. “सर्वेशान नाय. पाच बोटां मी लावलंय हुती.”

बळवंतने मला सांगितलं की त्याला आधी ऐकूच आलं नाही. मग त्याने स्वतःच्या सुजलेल्या मुठीकडे बघितलं. पार्वती उठून पदर खोचत होती.

“खय चललंस?”

“सांगूक. पोराक सोडवूक.”

“नको. हात मोडतले तुझे. बाईमाणूस म्हणून सोडूचे नाय. मी सांगतंय मीच लावलंय म्हणून.”

“तुमच्या बोटाएवढी माझी बोटां हत काय? त्येंका दिसना नाय?”

मग त्याने दार अडवलं, आणि तिला थांबवायचा दुसरा उपाय सुचेना म्हणून खरं सांगून टाकलं. ते बोटीसाठी नाही. ते क्षेपणास्त्रासाठी आहे. ते ज्याच्यावर पडेल त्याचं पोरही खालून असंच ओरडेल. एवढ्यासाठी तू हात मोडून घेऊ नकोस.

पार्वती म्हणाली, “तुमी माका आधी सांगितला असतात तर पाच बोटां नाय, मूठभर घातलं असतंय.” आणि त्याला बाजूला सारून बाहेर पडली.

गेटवर तिला कुणी आत घेतलं नाही. सकाळी ये म्हणाले. ती गेटबाहेर फुटपाथवर बसून राहिली आणि बळवंत तिच्यापासून दहा हात दूर. सकाळी मी कामावर आलो तेव्हा दोघे तसेच होते.

मग त्यांना आत घेतलं, पण शेलारला पार्वतीचं सांगणं खोटं वाटलं. नवऱ्याच्या हाताखालच्या माणसाला वाचवायला आलीय, असं. तो बळवंतला म्हणाला, “काल ह्याचं थोबाड फोडलंस, आज ह्याच्यासाठी बायको आणलीस? मिळालेले आहात सगळे.” आणि त्याच्या एका माणसाने बळवंतच्या पोटात गुडघा घातला. बळवंत दुमडून खाली बसला. दुसऱ्याने त्याची सुजलेली मूठ बुटाखाली घेतली.

“त्येंचो हात मोडू नको,” पार्वती म्हणाली. आवाज चढवला नाही. “भांडा परत कोण करतला? तू?”

बूट थांबला.

तिने पिशवीतून करंडा काढला. केबिनमधली पाण्याची स्टीलची कळशी पुढे ओढली, बोटं भिजवली आणि पाच बोटं ओढली. श्रुतिका मॅडम तेवढ्यात पोचल्या होत्या. त्यांनी चेंबरच्या गळ्याचे फोटो फोनवर मोठे करून कळशीशेजारी धरले. एकेक बोट मोजपट्टीने मोजलं. अंतर तेच. चौथ्या बोटाचं टोक डावीकडे वळलेलं, तिथेही आणि इथेही. पार्वतीच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर मासे कापताना एकदा तुटून वाकडं जुळलं होतं.

“घातपात नाही हा,” श्रुतिका मॅडम म्हणाल्या. “सोडा त्याला.”

“आणि वर मी काय लिहू?” शेलार म्हणाला. “कुंकवाने क्षेपणास्त्र थांबलं? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चेंबर गळता कामा नये. नाही गळलं तर काही झालंच नाही. गळलं तर हा आत, आणि ही बाईसुद्धा. तोपर्यंत तो इथेच.”

म्हणजे दोन दिवस. धार दुरुस्त होत नाही. फ्लँज कापून नवी लावायची, आणि तीही काचेच्या खिडक्यांपासून तीन बोटांवर. उष्णता जास्त गेली की काच तडकणार.

फ्लँज मी कापली. लेथवर, हाताने, दर फेरीला केसाएवढं. सहा तास लागले. काच आहे म्हणून धक्का चालत नव्हता. बळवंतचा उजवा हात फुगून वांग्यासारखा झाला होता. मधलं बोट मिटत नव्हतं. त्याने वेल्डिंगचा टॉर्च त्या बोटाला चिकटपट्टीने बांधला. आर्क न लावता तीन वेळा हात फिरवायचा तो, या वेळी मी मोजलं, एकोणीस वेळा फिरवला. प्रत्येक वेळी मनगट वळताना त्याच्या तोंडातून आवाज निघायचा.

पार्वती दोन्ही दिवस केबिनच्या दारात स्टुलावर बसून होती. शेलारच्या माणसांनी तिला दोनदा उठवलं. ती दोनदा परत बसली. तिच्यासमोर त्यांनी सर्वेशला मारलं नाही. भाताची पेज ती चमच्याने त्याच्या ओठांच्या फटीतून घालायची. निम्मी बाहेर यायची. बळवंतकडे तिने बघितलं नाही. तिला ते भांडं फुटायला हवं होतं, आणि ते टिकलं नाही तर सर्वेश जाणार होता. ती एकदा मला म्हणाली, “भावोजी, होतला मां नीट?” मी म्हणालो, होईल. ती म्हणाली, “होवंदे,” आणि तोंड फिरवलं.

शुक्रवारी दुपारी एकला बळवंतने आर्क लावली. आता पाव फेरी जमत नव्हती, हात तेवढा वेळ उचलून धरवत नव्हता. त्याने फेरीचे सोळा तुकडे केले. दहा सेकंद वेल्ड, मग चार मिनिटं ओला कपडा काचेभोवती. श्रुतिका मॅडम काचेवर तापमान बघून आकडा सांगत होत्या. नवव्या तुकड्याला टॉर्च घसरला आणि त्याच्या टोकाची टंग्स्टनची सुई सांध्यात बुडाली. बळवंतने तेवढा भाग कानशीने खरवडून काढला, टंग्स्टन घासलं, पुन्हा धरलं. कपाळावरचा घाम आत पडू नये म्हणून मी त्याच्या डोक्यामागे उभा राहून पुसत होतो. सोळावा तुकडा पूर्ण झाला तेव्हा सवादोन झाले होते. तो जमिनीवर बसला आणि चिकटपट्टी सोडवायला सांगितली. पट्टीबरोबर कातडी आली.

पाचला पंप लावला. काटा उतरत गेला. शेलार मागे हात बांधून उभा होता. मी हेलियम नव्या सांध्यावर फिरवला, सावकाश, दोन वेळा. मशीन गप्प राहिलं. काटा तळाला टेकला आणि तिथेच राहिला. नवीन सांधा जुन्यापेक्षा चांगला होता. मी इतकी वर्षं त्याचं काम बघतोय, त्याने असा सांधा पूर्वी केला नव्हता.

“घेऊन जा,” बळवंत म्हणाला.

त्यांनी चेंबर फोममध्ये गुंडाळलं, गाडीत ठेवलं. श्रुतिका मॅडम गाडीत बसल्या. गाडी गेल्यावर शेलारच्या माणसाने केबिनचं कुलूप काढलं.

सर्वेश भिंत धरून बाहेर आला. पाय टेकवत नव्हते. पार्वतीने एक बाजू धरली. बळवंत दुसरी बाजू धरायला पुढे झाला, आणि त्याने हात वर केला तसा सर्वेशने डोकं खाली घालून दोन्ही कोपरं तोंडावर घेतली.

बळवंतचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि मला म्हणाला, “तू धर.” मी धरला. रिक्षा गेटपासून पन्नास पावलांवर होती. सर्वेशला तेवढं चालायला वीस मिनिटं लागली, आणि बळवंत सगळा वेळ आमच्या मागून, हात पाठीशी धरून चालत होता.